तुतारी दारातच का थांबते?

समूहप्रदर्शनाच्या उद्घाटनाला संगीत ठेवण्याची पद्धत आपल्याकडे आता चांगलीच रुळली आहे. कधी कलादालनाच्या दाराशी फेटा बांधलेला तुतारीवाला उभा असतो, कधी आत एका कोपऱ्यात संतूर किंवा बासरी चालू असते, आणि काही तरुण चित्रकार याहून निराळे प्रयोगही करून पाहतात: संबळ आणि सिंथेसायझर एकत्र वाजवायचे, नाहीतर भिंतीवरच्या चित्रांसमोर उभे राहून जे सुचेल ते तिथल्या तिथे गायचे. अशा प्रयोगांवर दोन्ही बाजूंनी टीका होते. चित्रकलेच्या जाणकारांना तो गर्दी जमवण्याचा देखावा वाटतो आणि गाण्याच्या जाणकारांना आपल्या कलेचा अपमान. मला या वादात प्रयोग किती चमत्कारिक आहे हा मुद्दा गौण वाटतो. उद्घाटनातले संगीत प्रदर्शनाचा भाग म्हणून मागितले गेले आहे की पाहुण्यांच्या स्वागताची एक सोय म्हणून, यावर त्याचे बरेवाईटपण ठरते. आणि ते प्रदर्शनाचा भाग असेल, तर वादकाला चित्रकाराइतकाच मान, मोबदला आणि वेळ मिळाला पाहिजे, आणि ते ऐकण्याचा हक्क निमंत्रितांपुरता राहता कामा नये.

या प्रश्नाचा विचार करताना एका उदाहरणापासून सुरुवात करणे मला आवश्यक वाटते, कारण समूहप्रदर्शन आणि उद्घाटनाचे संगीत यांचा इतका पक्का सांधा त्यापूर्वी क्वचितच जुळला असेल. १८९७ साली ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना येथील काही चित्रकार, शिल्पकार आणि वास्तुकार प्रस्थापित कलासंस्थेतून बाहेर पडले आणि त्यांनी 'सेसेशन' नावाचा स्वतःचा गट स्थापन केला. गुस्ताफ क्लिम्ट हा त्याचा पहिला अध्यक्ष. योझेफ ओल्ब्रिखने त्यांच्यासाठी सोनेरी पानांच्या घुमटाची पांढरी इमारत बांधली आणि 'काळाला त्याची कला, कलेला तिचे स्वातंत्र्य' हे वाक्य तिच्या दारावर कोरले गेले. या गटाचे चौदावे प्रदर्शन एप्रिल १९०२ मध्ये भरले. ते एकाच विषयाला वाहिलेले होते, आणि तो विषय चित्रकाराचा नव्हता, संगीतकाराचा होता: बीथोवन. लाइपझिगचा माक्स क्लिंगर याने वर्षानुवर्षे खपून घडवलेला, रंगीत संगमरवर, कांस्य आणि हस्तिदंत यांचा बीथोवनचा पुतळा मध्यभागी मांडायचा आणि बाकी वीस कलावंतांनी त्याच्याभोवती आपापले काम असे रचायचे, की सारी वास्तू एक अखंड कलाकृती वाटावी, अशी ती योजना होती. मांडणीची जबाबदारी योझेफ होफमानकडे होती.

क्लिम्टच्या वाट्याला डावीकडचे दालन आले. त्याच्या तीन भिंतींच्या वरच्या भागावर त्याने सुमारे ३४ मीटर लांबीचा चित्रपट्ट रंगवला: पलिस्तरावर केसीनचे (दुधातल्या प्रथिनात कालवलेले) रंग, सोने, आणि मधूनमधून आरशाचे व शिंपल्याचे तुकडे. बीथोवनच्या नवव्या सिंफनीचा, म्हणजे वाद्यवृंदासाठी बांधलेल्या दीर्घ रचनेचा, तो चित्ररूप अन्वय होता. सुखाच्या ओढीने तरंगत निघालेल्या स्त्रिया, मधल्या भिंतीवर वानरासारखा अजस्र राक्षस आणि त्याच्याभोवतीच्या विनाशक शक्ती, आणि अखेरीस गाणाऱ्या स्त्रियांचा समूह व आलिंगनात विरघळलेले जोडपे. प्रेक्षकाने प्रथम या दालनात शिरायचे, भिंतीतल्या एका मोकळ्या झरोक्यातून पुतळा लांबून पाहायचा आणि मग मुख्य दालनात जाऊन त्याच्यासमोर उभे राहायचे, असा मार्ग आखलेला होता. हे सारे प्रदर्शन संपल्यावर उतरवायचे होते. चित्रपट्टही तात्पुरता म्हणूनच केलेला होता. तो वाचला, विकला गेला, तुकड्यांत कापला गेला आणि पुढे ऑस्ट्रियाच्या सरकारने तो विकत घेतल्यामुळे १९८६ पासून त्याच इमारतीत पुन्हा पाहायला मिळतो.

आता संगीताकडे येऊ. त्या वेळी संगीतकार गुस्ताफ माहलर हा व्हिएन्नाच्या राजदरबारी ऑपेराचा, म्हणजे संगीतिकागृहाचा, संचालक होता, आणि त्याची पत्नी आल्मा हिचे सावत्र वडील कार्ल मोल सेसेशनच्या प्रमुख सभासदांपैकी होते. उद्घाटनासाठी माहलरने नवव्या सिंफनीच्या शेवटच्या, समूहगानाच्या भागातला एक अंश घेतला आणि तो केवळ फुंकून वाजवायच्या वाद्यांसाठी नव्याने बांधला. ज्या रचनेला पूर्ण वाद्यवृंद, चार एकल गायक आणि मोठा गायकवर्ग लागतो, तिच्यातून त्याने तंतुवाद्ये काढली, शब्द काढले, माणसाचा आवाजच काढून टाकला. उरले ते ऑपेराच्या वादकांनी फुंकलेले सूर. आल्माने आठवणींत लिहिले आहे, की ते सूर ग्रॅनाइटसारखे कठोर वाटत होते आणि ते ऐकताना लाजाळू क्लिंगरच्या गालांवरून आसवे ओघळत होती. आल्माच्या आठवणी सर्वत्र विश्वासार्ह मानल्या जात नाहीत, पण क्लिंगरचे डोळे भरून आले असतील यावर विश्वास ठेवायला मला अडचण वाटत नाही. दगडातून घडवलेल्या बीथोवनसमोर दगडाच्याच कठोरपणाने वाजणारा बीथोवन त्याला ऐकू आला होता. आणि शेजारच्या दालनात ज्या गाणाऱ्या स्त्रिया क्लिम्टने भिंतीवर रंगवल्या होत्या, त्यांच्या तोंडचे शब्द माहलरने मुद्दाम वगळले होते. चित्रात गाणे दिसत होते आणि हवेत फक्त त्याचा नाद होता. ही बांधणी सभागृहातल्या मैफलीसाठी झालेली नव्हती; त्या प्रदर्शनाबाहेर तिला तसे कारणच नव्हते.

माहलरने हे धाडस केले तेव्हा ते स्वस्त नव्हते, हेही ध्यानात घेतले पाहिजे. दोनच वर्षांपूर्वी, १९०० साली, याच नवव्या सिंफनीच्या वाद्ययोजनेत फेरफार करून ती सादर केल्याबद्दल व्हिएन्नाच्या समीक्षकांनी त्याला झोडपले होते, आणि आपली भूमिका समजावून सांगणारे पत्रक त्याला श्रोत्यांत वाटावे लागले होते. तरी त्याने पुन्हा त्याच रचनेला हात घातला. त्यातून आणखी एक गोष्ट निघाली, जी मला त्या उद्घाटनाइतकीच मोलाची वाटते. सेसेशनच्या आल्फ्रेड रोलर या चित्रकाराशी त्याचा स्नेह जुळला, आणि फेब्रुवारी १९०३ मध्ये माहलरने उभ्या केलेल्या वाग्नरच्या संगीतिकेचे नेपथ्य रोलरने केले. रंगमंचावर प्रकाश आणि रंग कसे वापरावेत याबद्दलची युरोपची समज त्या जोडीच्या कामाने पालटली. चित्रकार आणि संगीतकार एकमेकांच्या कामात खरोखर शिरले, म्हणजे त्याचे फळ एका संध्याकाळीपुरते राहत नाही.

आपल्या समूहप्रदर्शनांना हे माप लावले, तर पहिला आक्षेप समोर येतो आणि तो योग्य आहे. मुंबईत जहांगीर कलादालनात काय किंवा पुण्यात बालगंधर्व कलादालनात काय, आठवडाभराच्या समूहप्रदर्शनात भाग घेणारे चार, सहा किंवा दहा चित्रकार बहुतेक वेळा एका विषयाने बांधलेले नसतात. एकाच महाविद्यालयातून बाहेर पडलेले मित्र, एका गावचे किंवा एका गुरूचे विद्यार्थी भाडे वाटून घेतात आणि आपापली चित्रे आपापल्या भिंतीवर लावतात. यात कमीपणा काहीच नाही. तरुण चित्रकाराला शहराच्या मध्यवर्ती जागेत भिंत मिळवण्याचा हाच परवडणारा मार्ग आहे. पण अशा प्रदर्शनात एकच एक संगीत वाजवणे म्हणजे सगळ्या चित्रांवर एकाच भावनेचा मुलामा चढवणे होय. एकीच्या कोकणातल्या निसर्गचित्रांवर, दुसऱ्याच्या गिरणगावातल्या चाळींच्या रेखाटनांवर आणि तिसऱ्याच्या अमूर्त पटांवर बासरीचा एकच करुण सूर पसरला, की तिघांचेही नुकसान होते, कारण प्रेक्षक चित्र काय सांगते ते पाहण्याआधीच त्याला काय वाटावे हे सांगितले गेलेले असते. म्हणून माझे स्पष्ट मत आहे, की जिथे गटाला सामाईक असे काही म्हणायचे नाही, तिथे उद्घाटनाला संगीत ठेवूच नये. शांतता ठेवावी. चित्रकाराने आपल्या भिंतीपाशी उभे राहून आलेल्या माणसाशी बोलावे. याउलट गटाने एखादा विषय मनापासून घेतला असेल, वर्ष-दीड वर्ष त्यावर काम केले असेल, तर त्याच काळात संगीतकारालाही स्टुडिओत बोलावले पाहिजे. प्रदर्शनाच्या आठ दिवस आधी फोन करून 'तासभर काहीतरी हलकेफुलके वाजवा' असे सांगण्यात त्याची कलाही नाही आणि आपलीही नाही.

दुसरा आक्षेप चित्रकलेच्या स्वायत्ततेचा. चित्र स्वतः बोलते, त्याला आवाजाची जोड कशाला, असे ज्येष्ठ चित्रकार म्हणतात आणि त्यामागे पन्नास-साठ वर्षांची तपश्चर्या असते. मला त्यांचा आदर आहे, पण हा विचार आपल्या परंपरेतून आलेला आहे असे कोणी म्हणेल तर ते मान्य करता येत नाही. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात राजा वज्र मार्कंडेय ऋषींना मूर्ती घडवण्याची विद्या मागतो, तेव्हा ऋषी सांगतात की चित्र कळल्याशिवाय मूर्ती कळणार नाही, नृत्य कळल्याशिवाय चित्र कळणार नाही, वाद्य कळल्याशिवाय नृत्य कळणार नाही आणि गाणे कळल्याशिवाय वाद्य कळणार नाही. दख्खनच्या चित्रकारांनी सोळाव्या शतकाच्या अखेरीस राग-रागिण्यांची चित्रे काढली, ती सुरांना रंगाची मर्यादा पडेल या भीतीने हात आवरून धरणाऱ्यांची नव्हती. आणि अगदी अलीकडचे पाहायचे, तर मुंबईत वॉर्डन रोडवरच्या भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूटमध्ये १९५० आणि १९६० च्या दशकांत हुसेन आणि गायतोंडे यांचे स्टुडिओ, रविशंकरांचे सतारीचे वर्ग आणि अल्काझींच्या नाटकांच्या तालमी एकाच छताखाली चालत. भारतीय चित्रकलेचे जे वैभव आपण आज त्या काळाच्या नावाने सांगतो, ते शेजारच्या खोलीतून येणारा सूर ऐकत घडलेले आहे. त्यामुळे चित्राची शुद्धता संगीताने बाटते ही भीती मला निराधार वाटते. बाटते ते दुर्लक्षाने.

आणि दुर्लक्ष कसे दिसते, ते दाराशी उभ्या असलेल्या तुतारीवाल्याकडे पाहिले म्हणजे कळते. तो वेळेच्या तासभर आधी येतो. भाड्याने आणलेला अंगरखा चढवतो, फेटा नीट करतो आणि पायऱ्यांवर उभा राहतो. प्रमुख पाहुण्यांची गाडी दिसली, की कोणीतरी त्याला हात करतो. तो छाती भरून श्वास घेतो, गाल फुगवतो, ओठ मुखनळीवर घट्ट दाबतो आणि तो वळणदार पितळी नाद रस्त्यापलीकडच्या इमारतींवर आदळून परत येतो. पाहुणे हात जोडून आत जातात, त्यांच्यामागून सगळे आत जातात, दार लोटले जाते. आत समई पेटते, पुष्पगुच्छ दिले जातात, भाषणे होतात. बाहेर तो मुखनळी धोतराच्या सोग्याला पुसतो आणि पाकिटाची वाट पाहतो. त्याला आत येऊन चित्रे पाहा असे कोणी म्हणत नाही. निमंत्रणपत्रिकेवर त्याचे नाव नसते. कॅटलॉगमध्ये रंगांच्या कंपनीचे आभार असतात, छपाईवाल्याचे असतात, चहापाणी देणाऱ्याचेही असतात. व्हिएन्नात फुंकवाद्ये आत, कलाकृतींच्या सान्निध्यात वाजली. आपण आपल्या मातीतले त्याच कुळातले वाद्य पायरीवर ठेवतो आणि याला परंपरेचा मान म्हणतो. हे मला फार लागते.

आतल्या कोपऱ्यातल्या वादकाची स्थिती थोडी बरी असते, इतकेच. त्याची बैठक बहुधा खाण्याच्या टेबलाशेजारी असते. त्याचा आलाप जमू लागतो तोच निवेदक माइक मागतो, कारण दुसरे पाहुणे आलेले असतात. तानपुरा तसाच छेडत राहतो, त्यावर सत्कार उरकतात, मग त्याला 'चालू ठेवा' अशी खूण होते. पंधरा-वीस वर्षे रियाज केलेल्या माणसाला ही वागणूक द्यायची आणि मग लोक संगीताकडे लक्ष देत नाहीत अशी तक्रार करायची, यात न्याय नाही.

जागेचाही विचार कोणी करत नाही, म्हणून त्याबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे. कलादालन हे गाण्यासाठी बांधलेले नसते. गुळगुळीत फरशी, उघड्या भिंती, उंच छत आणि पडदे-गालिचे जवळपास नाहीतच, त्यामुळे आवाज शोषला जात नाही, तो फिरत राहतो आणि मागचा सूर विरायच्या आत पुढचा त्यावर येऊन पडतो. अशा जागेत द्रुत ताना आणि तबल्याचे रेले एकमेकांत कालवले जातात, आणि लाउडस्पीकर मोठा केला की गोंधळ वाढतो. याउलट लांब, सावकाश सुटणारे सूर इथे फुलतात: ध्रुपदाचा विलंबित आलाप, सनईचा एकच ठेहराव, घुमट या मातीच्या तालवाद्याचे मोजके आघात आणि त्यांच्यामधली मोकळी जागा. म्हणजे वादकाने आदल्या दिवशी रिकाम्या दालनात बसून वाजवून पाहिले, तर दालनच त्याला अर्धे उत्तर देते. आणखी एक साधी गोष्ट: खुर्च्या मांडून वादकाला एका टोकाला बसवले, की सर्व श्रोते त्याच्याकडे तोंड करतात आणि चित्रांकडे पाठ. ज्या चित्रांसाठी माणसे जमली, त्यांच्याकडे पाठ फिरवून तासभर बसणे हा प्रदर्शनाचा पराभव आहे. वादक दालनांत विभागून उभे राहावेत, श्रोत्यांनी त्यांच्यामधून चालत फिरावे आणि प्रत्येक भिंतीपाशी ऐकू येणारे मिश्रण वेगळे असावे, हा उपाय अवघड नाही आणि खर्चिकही नाही.

चमत्कृतीचा धोका मात्र खरा आहे. लंडनच्या आयसीए या समकालीन कलेच्या संस्थेत ऑक्टोबर १९७६ मध्ये एका कलागटाच्या प्रदर्शनाच्या उद्घाटनाला त्याच गटातून निघालेल्या 'थ्रॉबिंग ग्रिसल' या बँडने कर्कश इलेक्ट्रॉनिक आवाजांचा कार्यक्रम केला. प्रदर्शनातल्या नग्न छायाचित्रांसह त्या संध्याकाळीचे पडसाद वृत्तपत्रांत आणि संसदेत उमटले, एका खासदाराने या मंडळींना संस्कृतीचे विध्वंसक म्हटले, आणि सार्वजनिक पैशातून कलेला अनुदान द्यावे का असा वाद पेटला. बाईच्या देहाचा बाजार कसा मांडला जातो याबद्दल ते प्रदर्शन जे विचारत होते, ते गदारोळात फारच थोड्यांनी ऐकले. त्याआधी, मार्च १९६० मध्ये, पॅरिसच्या एका कलादालनात ईव्ह क्लाइन या फ्रेंच चित्रकाराने निळ्या रंगात माखलेल्या स्त्रियांच्या शरीरांचे ठसे कागदावर उमटवून घेतले, तेव्हा वादकांनी वीस मिनिटे एकच स्वरसमूह धरून ठेवला आणि पुढची वीस मिनिटे शांतता राखली. स्त्रियांना कुंचल्यासारखे वापरण्याची ती कल्पना मला आजही खटकते, पण ती शांतता संगीताचाच भाग म्हणून योजण्याचे धैर्य मी नाकारू शकत नाही. वीस मिनिटांच्या नादानंतर माणसांना भिंतीकडे पाहत गप्प उभे राहायला लावणे, हे उद्घाटनाच्या कोणत्याही भाषणापेक्षा प्रदर्शनाला अधिक उपकारक आहे. वेगळेपण चित्राकडे नेते की चित्रावरून उडवून लावते, एवढाच निकष लावला तर यातले काय घ्यावे आणि काय टाकावे ते ठरवणे कठीण नाही.

राहिला पैशाचा आणि लोकांचा प्रश्न, आणि इथे व्हिएन्नाचे उदाहरणही अपुरे पडते. त्या प्रदर्शनाला सुमारे ५८ हजार माणसे आली, पण माहलरची ती बांधणी ऐकली ती उद्घाटनाच्या वेळी जमलेल्या मंडळींनी. तिकीट काढून आलेल्या बाकीच्या माणसांना पुतळा मिळाला, चित्रपट्ट मिळाला, संगीत मिळाले नाही. माहलरचे नाव सर्वांना ठाऊक आहे. ती वाद्ये वाजवणाऱ्यांची नावे कोणी घेत नाही. आपण १९०२ चे अनुकरण करायचे तर त्यातल्या या दोन उणिवांसकट करायला नको. महापालिकेच्या किंवा सरकारच्या कलादालनांना नागरिकांच्या पैशाचा आधार आहे. तिथे उद्घाटनाला लाइव्ह संगीत होणार असेल, तर जागा देताना दोन अटी घालणे वाजवी ठरेल. वादकांची नावे पत्रिकेवर व कॅटलॉगमध्ये चित्रकारांच्याच यादीत असावीत आणि त्यांचे मानधन लेखी ठरलेले असावे, ही पहिली. समूहप्रदर्शनातले चित्रकार भाडे, छपाई आणि फ्रेमिंग यांचा खर्च वाटून घेतातच. त्यात वादकाचे मानधन मिळवले तर प्रत्येकाच्या वाट्याला येणारी वाढ सोसवण्यापलीकडची नसते, आणि ज्यांना ती सोसवत नसेल त्यांनी वादकाकडून फुकट किंवा 'प्रसिद्धी मिळेल' या बोलीवर काम करून घेऊ नये. दुसरी अट अशी, की उद्घाटनातला कार्यक्रम प्रदर्शनाच्या काळात निदान एकदा सर्वांसाठी पुन्हा व्हावा.

ही दुसरी अट मला अधिक महत्त्वाची वाटते. कामावरून सुटून संध्याकाळी सहाच्या सुमारास कलादालनात डोकावणारा कारकून, रविवारी मुलांना घेऊन येणारी आई, जे. जे. किंवा अभिनवसारख्या कला महाविद्यालयांत शिकणारी मुले, यांच्या हाती उद्घाटनाची पत्रिका पडत नाही. प्रदर्शन खऱ्या अर्थाने चालते ते त्यांच्यावर. त्यांना दिसतो तो आवाज निघून गेल्यानंतरचा उरलेला भाग, आणि तेही त्यांना कोणी सांगत नाही की इथे आणखी काही होते. संगीत प्रदर्शनाचा भाग आहे असे आपण म्हणत असू, तर त्याविना दाखवलेले प्रदर्शन अर्धे आहे हे मान्य करावे लागेल. म्हणून आठवड्याच्या शेवटी, रविवारी दुपारी, भाषणांविना, समईविना, खुर्च्यांविना तोच कार्यक्रम पुन्हा करावा, त्याची वेळ दारावरच्या फलकावर पहिल्या दिवसापासून लिहिलेली असावी, आणि त्या दिवशी तुतारीवाल्याची जागा आत, चित्रांच्या मधोमध असावी.